ग्लाझुनोव्हचे सॅक्सोफोन क्वार्टेट बेळगावात वाजवायचे आहे : श्वास, सूर आणि मधल्या भागाविषयी सल्ला हवा

शहापूरकर (बेळगाव)

नमस्कार. रशियन संगीतकार अलेक्झांडर ग्लाझुनोव्ह याने १९३२ साली पॅरिसमध्ये लिहिलेले बी-फ्लॅट मेजरमधील सॅक्सोफोन क्वार्टेट, ओपस (म्हणजे रचना-क्रमांक) १०९, आम्ही बेळगावातील चौघेजण सध्या बसवीत आहोत. त्यासंबंधी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. ज्यांना या रचनेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन अशी चार वाद्ये आहेत, पियानोची किंवा तालवाद्याची साथ नाही, आणि तीन भाग मिळून साधारण पंचवीस मिनिटे लागतात. पहिला भाग अलेग्रो, म्हणजे जलद आहे, दुसऱ्यात एक संथ विषय आणि त्याची पाच रूपे येतात, आणि शेवटी खेळकर फिनाले आहे.

आमची चौकडी कशी जमली हे सांगितल्यावाचून अडचण ध्यानात येणार नाही. टेनर वाजवणारे गृहस्थ लग्नाच्या बँडमधले आहेत आणि खडेबाजारातल्या वराती त्यांना तोंडपाठ आहेत. बॅरिटोनवाले काका लष्करी बँडमधून निवृत्त झालेले आहेत. सोप्रानो वाजवणारी मुलगी मुळात क्लॅरिनेटवर तयार झालेली असून तिने ग्रेडच्या परीक्षा दिलेल्या आहेत. मी आल्टो वाजवतो आणि माझे शिक्षण बरेचसे ऐकून ऐकून झालेले आहे. दिवाळीनंतर टिळकवाडीतल्या एका लहान सभागृहात हा कार्यक्रम करण्याचा विचार असून येणारे श्रोते बहुतांशी ख्याल, ठुमरी आणि नाट्यपदे ऐकणारे असतील.

पहिली अडचण श्वासाची आहे. मधल्या भागातला विषय इतका सलग आहे की कोणी कुठे श्वास घ्यावा हेच ठरत नाही, आणि चौघांनी आपापल्या सोयीने घेतला की ओळीला भोके पडतात. दुसरी अडचण सुराची. बी-फ्लॅटच्या साध्या स्वरसमूहावरसुद्धा (कॉर्डवरसुद्धा) आमचे सूर एकमेकांत मिसळत नाहीत. टेनरवाल्यांच्या स्वरात स्वाभाविकच कंप आणि मींड येते, काकांचा स्वर काठीसारखा सरळ असतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात. शिवाय, सगळे क्वार्टेट वाजवावे की फक्त मधला भाग, यावर आमच्यात मतभेद आहेत. ज्यांनी हे संगीत वाजवले किंवा बारकाईने ऐकले आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुना बँडवाला (कॅम्प, बेळगाव)

शहापूरकर, आधी आपल्या काकांना माझा नमस्कार कळवा, कारण आम्ही एकाच जातकुळीचे आहोत. माझीही सगळी नोकरी बँडमध्येच गेली आणि पचमढीच्या लष्करी संगीत प्रशिक्षणाचा शिक्का माझ्यावरही आहे.

हे क्वार्टेट बँडवाल्यांसाठीच लिहिलेले आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पॅरिसच्या ‘गार्द रेप्युब्लिकेन’ या प्रतिष्ठित बँडमधील मार्सेल म्यूल आणि त्याचे सहकारी यांनी १९२८ साली सॅक्सोफोनचे क्वार्टेट उभे केले आणि त्यांचे वादन ऐकूनच ग्लाझुनोव्हला ही रचना सुचली. त्या काळात पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटोअरमध्ये सॅक्सोफोनचा वर्गच नव्हता. सॅक्सोफोनचा जनक आदोल्फ साक्स याने स्वतः चालवलेला वर्ग १८७० मध्ये बंद पडला होता आणि तो म्यूलच्या हाताखाली पुन्हा सुरू व्हायला १९४२ उजाडले. मधली सत्तर वर्षे हे वाद्य फ्रान्समध्ये जगले ते मुख्यतः बँडमुळे. त्यामुळे आपले काका आणि आपले टेनरवाले या रचनेत उपरे आहेत असे कोणी म्हणत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

आता सुराकडे वळतो. सॅक्सोफोनवर कागदावरचा स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात, म्हणून बी-फ्लॅट मेजरचा हा तुकडा सोप्रानो आणि टेनर यांच्या कागदावर सी मेजरमध्ये लिहिलेला असतो, तर आल्टो आणि बॅरिटोन यांच्या कागदावर तोच जी मेजरमध्ये येतो. हिशेबाला ही गोष्ट साधी आहे, पण गडबड नेमकी तिथेच दडलेली असते. बी-फ्लॅटच्या स्वरसमूहातला पंचम म्हणजे प्रत्यक्षात ऐकू येणारा एफ, आणि तो सोप्रानो-टेनरच्या हातात जी म्हणून येतो, जो सॅक्सोफोनवरचा बऱ्यापैकी शहाणा स्वर आहे. तोच एफ आल्टो-बॅरिटोनच्या हातात डी म्हणून येतो. ऑक्टेव्ह की (सप्तक वर नेणारी कळ) लावल्यावर मिळणारा हा मधला डी बहुतेक सॅक्सोफोनांवर चढा वाजतो आणि नादही जरा उघडा, पसरट येतो. म्हणून चौघांनी सूर दाखवणाऱ्या यंत्रासमोर आपापला एकेक स्वर जुळवून काही साधत नाही, आणि एकत्र बसल्यावर पंचमावरच खडा लागतो. आपण आल्टोवर तो डी वाजवताना ओठ किंचित सैल सोडून पाहा. लांब स्वर असेल तर खालच्या बी ची की सोबत दाबा, म्हणजे सूर उतरतो आणि नादही बंदिस्त होतो. जलद ओळीत हे शक्य नसते आणि तिथे त्याची गरजही भासत नाही.

दुसरे, दिवाळीनंतर बेळगावच्या रात्री गार होतात. बॅरिटोनची नळी लांब असल्यामुळे ती तापायला वेळ लागतो आणि थंड असताना तिचा सूर उतरलेला असतो. सोप्रानो मात्र चार फुंकरीत तापून वर जाते. सभागृहात शिरल्याबरोबर सूर जुळवण्याची घाई करू नये. काकांनी आधी दहा-पंधरा मिनिटे बॅरिटोनमध्ये नुसती फुंकर घालत, खालचे स्वर लांबवत बसावे आणि मग बाकीच्यांनी त्यांच्या सुरावर यावे. खालच्या वाद्याने वरच्याच्या मागे धावणे कधीच जमत नाही. तालमी पावसाळ्यात चालू असतील तर रीडकडेही (मुखाला लावायच्या पातळ पट्टीकडेही) बघा. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत वेताची रीड फुगते, तिची कड वाकडी होते आणि सुराचा दोष वादकाच्या माथी येतो. रीड काचेच्या सपाट तुकड्यावर दाबून ठेवली तर बरीच टिकते.

एक किरकोळ सूचना. ओपस १०९ हा क्रमांक ग्लाझुनोव्हच्या सॅक्सोफोन कॉन्चेर्टोलाही (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेलाही) दिलेला आहे. तो आल्टो आणि तंतुवाद्यवृंदासाठी असून सॅक्सोफोनवादक सिगुर्ड राशर याच्यासाठी लिहिलेला आहे, आणि १९३४ मध्ये स्वीडनमधल्या न्यूशॉपिंग येथे तो प्रथम वाजला. कागद मागवताना नुसता क्रमांक सांगितला तर भलतेच पुडके घरी येण्याचा संभव आहे.

निपाणीकर

जुना बँडवाला यांनी सुराबद्दल जे लिहिले त्याला एक जोड देते. मी गाणे शिकवते आणि थोडा पियानोही वाजवते, त्यामुळे दोन्ही बाजूंची पट्टी कानात असते. आपल्याकडच्या हिशेबाने बी-फ्लॅट म्हणजे काळी पाच. शहापूरकर, तालमीत विद्युत तंबोरा काळी पाचला लावा, सॅक्सोफोन ज्या कंपनसंख्येला जुळवता तिथेच तोही बारीक करून घ्या, आणि दुसऱ्या भागाच्या विषयातले फक्त लांब, मुख्य स्वरसमूह एकेक करून त्यावर धरा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप जो गांधार कानी येतो तो पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पियानोवरच्या लगतच्या दोन स्वरांतील अंतराचा शंभरावा भाग) उतरा असतो. मेजर स्वरसमूहात ज्याच्याकडे तिसरा स्वर आला असेल त्याने तो तंबोऱ्याच्या गांधाराइतका उतरवला की चारही वाद्ये एकदम मिटून एक होतात. मायनर स्वरसमूहात नेमके उलट, तिथे तिसरा स्वर पियानोपेक्षा जरा चढा लागतो. बेळगावच्या श्रोत्यांचा कान या बाबतीत फार तिखट आहे, आणि पंचवीस मिनिटे बेसूर गांधार ऐकून घेतील अशी ती मंडळी नाहीत.

मात्र तंबोरा लावून संपूर्ण भाग वाजवू नका. ग्लाझुनोव्हचा षड्ज सतत सरकत असतो, आणि दोन ओळींनंतर तंबोरा मदत करायचा सोडून वैरी होतो. कोणत्या मात्रेवर कोणाकडे तिसरा स्वर आहे याची खूण पेन्सिलीने चौघांच्याही कागदावर करून ठेवावी, आणि त्यानंतर तंबोऱ्याचे काम संपले असे समजावे.

आता मधल्या भागाविषयी. त्याचे नाव ‘कान्झोना व्हारिये’. आधी विषय येतो, तो जवळजवळ केवळ स्वरसमूहांवर उभा आहे, कोणाचीही स्वतंत्र धावपळ नाही. पहिल्या दोन रूपांत जुन्या, कडक शिस्तीच्या लेखनाचा बाज आहे. तिसऱ्यावर ‘शुमानच्या ढंगाने’ आणि चौथ्यावर ‘शोपँच्या ढंगाने’ असे संगीतकारानेच लिहून ठेवलेले आहे, आणि पाचवे रूप जलद, खेळकर स्केर्झो आहे. यातल्या तिसऱ्या रूपातले कंपित ट्रिल (लगतच्या दोन स्वरांची जलद आलटापालट) ऐकून शुमानचे ‘सिंफोनिक एट्यूड्स’ आठवले नाहीत तरच नवल. ग्लाझुनोव्हने आपल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांतही त्या रचनेकडे बोट दाखवलेले आहे. शोपँ तर त्याच्या घरचाच. त्याने १८९० च्या दशकातच शोपँच्या पियानोकृती वाद्यवृंदासाठी बसवल्या होत्या, ‘शोपिनियाना’ या नावाने. म्हणजे चौथे रूप ही वरवरची नक्कल नाही, चाळीस वर्षे हाताखाली असलेल्या लेखनाची ती सहज उमटलेली सही आहे.

ग्लाझुनोव्ह १८६५ मध्ये पीटर्सबर्गला जन्मला, सोळा वर्षांचा असताना त्याची पहिली सिंफनी वाजली, १९०५ पासून तो तिथल्या कॉन्झर्व्हेटोअरचा संचालक होता आणि पुढचा थोर संगीतकार शोस्टाकोविच त्याच संस्थेत त्याच्या देखरेखीखाली शिकला. १९२८ मध्ये शूबर्टच्या स्मृतिशताब्दीनिमित्त व्हिएन्नाला गेला तो रशियाला परत गेलाच नाही. पुढे पॅरिसमध्ये राहिला आणि १९३६ मध्ये तिथेच जवळच्या न्यूयी येथे वारला. तंतुवाद्यांसाठी सात क्वार्टेट त्याने लिहिले, शेवटचे १९३० मधले. सॅक्सोफोनचे क्वार्टेट त्यानंतर दोनच वर्षांनी आले. त्यामुळे यात चार सॅक्सोफोनांची गंमत शोधू नये. सगळी हयात तंतुवाद्यांच्या क्वार्टेटमध्ये विचार केलेल्या माणसाने तोच विचार येथे चार फुंकवाद्यांवर टाकला आहे. आपल्या श्वासाच्या अडचणीचे मूळ येथेच आहे, असे मला वाटते. गज उलटा फिरवता येतो, फुंकर उलटी फिरवता येत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वाजवायचे तर पूर्ण वाजवा. नुसता मधला भाग वाजवलात तर शुमान आणि शोपँ ही नावे ऐकून श्रोते खूश होतील, पण पहिल्या भागातली ती भरदार, जुन्या वळणाची बांधणी कानावर पडल्यावाचून या रूपांचा मोकळेपणा समजणार नाही.

खानापूरकर

निपाणीकर ताई, आपले म्हणणे विद्वत्तापूर्ण आहे, पण मला ते व्यवहाराला धरून वाटत नाही. तबला नाही, सम नाही, राग नाही, आणि सगळा नाद एकाच घरातला. पंधराव्या मिनिटाला मागच्या रांगा उठायला लागतील. सॅक्सोफोनच ऐकवायचा तर आपल्याच राज्यातल्या कद्री गोपालनाथ यांनी तो कर्नाटक पद्धतीत किती उंचीवर नेला हे लोकांना ठाऊक आहे, त्यांनी गमकांसाठी वाद्याच्या रचनेतही फेरफार करून घेतले होते. त्या वाटेने जाऊन आपल्या रागदारीतील एखादी चीज चार सॅक्सोफोनांवर बसवली तर लोक डोक्यावर घेतील. आणि पाश्चात्त्यच वाजवायचे असेल तर जाँ-बातिस्त सँजेले याचे १८५७ चे क्वार्टेट घ्या. सॅक्सोफोन क्वार्टेटच्या आद्य रचनांपैकी ते एक, साक्सच्या मित्राने लिहिलेले, सुटसुटीत, गाणारे, नवशिक्यांना पेलणारे. ग्लाझुनोव्हने हात पोळून घेण्यापेक्षा ते बरे.

जुना बँडवाला (कॅम्प, बेळगाव)

खानापूरकर, सँजेलेचे क्वार्टेट चांगलेच आहे, तालमीला त्याचा पहिला भाग हाताशी ठेवावा असे मीही सुचवीन. परंतु शहापूरकरांनी काय वाजवावे असे विचारलेलेच नाही. ते ग्लाझुनोव्ह कसे वाजवावे हे विचारत आहेत. गोपालनाथांचे नाव आपण घेतले ते योग्यच, पण त्यांच्या वादनातून चौघांचा मेळ कसा साधावा हे शिकता येणार नाही, कारण तिथे सॅक्सोफोन एकटा गातो आणि बाकीचे साथ करतात. आणि ‘एकाच घरातला नाद’ हा आक्षेप खुद्द ग्लाझुनोव्हच्याही मनात असणार, कारण त्याने मधल्या भागाची रूपे एकमेकांपासून इतकी वेगळी केली आहेत की तिथे कान शिणण्याची शक्यता फार कमी आहे. मागच्या रांगांचे काय करायचे ते सूत्रसंचालकावर सोडा.

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांचे आभार. तंबोऱ्याची युक्ती कालच करून पाहिली आणि तिसरा स्वर उतरवल्याबरोबर बॅरिटोनवाले काका वाजवायचे थांबून आमच्याकडे बघायला लागले, इतका फरक पडला. डी च्या बाबतीत खालच्या बी ची कीही उपयोगी ठरली. कार्यक्रम पूर्ण क्वार्टेटचाच करायचे ठरले आहे, आणि दुसऱ्या भागाआधी सोप्रानोवाली मुलगी विषय एकदा एकटीने वाजवून दाखवील, म्हणजे श्रोत्यांना तो ओळखता येईल.

दोन प्रश्न मात्र अजून तसेच आहेत. श्वास कुठे घ्यायचा, आणि टेनरवाल्यांच्या कंपाचे काय करायचे? त्यांना कंप नको म्हणावे तर त्यांचा स्वरच मरतो.

चिकोडीकर (सध्या पुणे)

मी मूळचा चिकोडीचा, सध्या पुण्यात एका फुंकवाद्यवृंदात टेनर वाजवतो आणि हे क्वार्टेट सार्वजनिक कार्यक्रमात वाजवलेले आहे. दोन्ही प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो, कारण माझ्या मते ते एकाच गाठीचे दोन पदर आहेत.

कंपापासून सुरुवात करू. आपल्या टेनरवाल्यांना कोणीही कंप नको म्हणू नये. म्यूल स्वतः विशीत पॅरिसच्या नाचघरांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवत असे, आणि मैफलीच्या सॅक्सोफोनवर जो कंप पुढे फ्रेंच घराण्याची ओळख ठरला तो त्याने तिथूनच उचलून, घासूनपुसून आणला. तो मोजलेला असे, सेकंदाला साधारण पाच आंदोलने, आणि सूर मुख्य स्वराच्या वर-खाली सारखाच झुलत असे. वरातीतला कंप मात्र भाव चढेल तसा रुंदावतो आणि त्यात मींड मिसळते. फरक एवढाच आहे. टेनरवाल्यांना मेट्रोनोम साठवर ठेवून एका ठोक्यात पाच हेलकावे मोजायला सांगा, सुरुवातीला कंटाळा येईल, पण आठवड्याभरात हात बसेल. मग नियम असा ठेवा की ज्याच्याकडे मुख्य ओळ आहे त्यानेच कंप घ्यावा, आणि स्वरसमूह धरून ठेवणाऱ्यांनी सरळ वाजवावे. सनईच्या ताफ्यात सूर धरणारा कधी कंप घेत नाही, हे आपल्या टेनरवाल्यांना एका वाक्यात पटेल. काकांचा काठीसारखा स्वर मग दोष राहत नाही, त्याच्यावरच बाकीचे उभे राहतात. अर्थात बॅरिटोनकडे ओळ येते तेव्हा काकांनीही थोडे हलायला शिकले पाहिजे. साठीनंतर ते जमते, मी पाहिलेले आहे.

श्वासाचे प्रकरण मात्र खोल आहे. ग्लाझुनोव्हला स्वतःला याची धास्ती होती. रचना लांब आहे, वादकांना विश्रांती कमी मिळते आणि ते थकतील, अशी भीती त्याने पत्रातून बोलून दाखवली होती, आणि म्यूलच्या मंडळींपैकी एकाशी बोलल्यावर त्याचे समाधान झाले. म्हणजे वादकाला ते झेपते, पण आयोजनाशिवाय झेपत नाही. मोठ्या बँडमध्ये एका ओळीवर तीन क्लॅरिनेट असतात, एकाने श्वास घेतला तर दुसरे दोघे चालू असतात, आणि कोणालाच काही कळत नाही. काकांना तीच सवय असणार. क्वार्टेटमध्ये प्रत्येक ओळीला एकच माणूस असतो. त्याने श्वास घेतला की तो स्वर नाहीसाच होतो, आणि नेमका तो स्वरसमूहातला तिसरा असला तर निपाणीकर ताईंनी सांगितलेली सगळी मेहनत त्या क्षणी वाया जाते.

आम्ही असे केले. दुसऱ्या भागाच्या विषयाचा संपूर्ण स्कोअर (चौघांच्या ओळी एकत्र असलेला कागद) टेबलावर पसरला, वाद्ये पेटीतच ठेवली, आणि आधी फक्त श्वासांच्या खुणा ठरवल्या. वरच्या ओळीने वाक्य संपल्यावर श्वास घ्यावा हे उघड आहे. पण त्याच जागी खालच्या तिघांनीही घेतला, तर वाक्याच्या शेवटी खड्डा पडतो आणि विषय तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो, आपण म्हणता ती भोके हीच. म्हणून मधल्या दोघांनी, म्हणजे आल्टो आणि टेनरने, वाक्य चालू असताना, जिथे त्यांचा स्वर बदलत नाही किंवा दोघांपैकी एकाचा स्वर सोप्रानो किंवा बॅरिटोनकडे दुसऱ्या सप्तकात हजर आहे, अशा जागी आळीपाळीने श्वास घ्यावा. बॅरिटोनने नवा पायाचा स्वर लावण्याआधी कधीही श्वास घेऊ नये, कारण तेव्हा तो उशिरा येतो आणि सगळी इमारत हलते. त्याने स्वर लावावा, तो कानात बसू द्यावा, आणि मग त्याच स्वराच्या शेपटातून थोडी चोरी करावी. चोरी म्हणजे श्वास लहान, पण पोटातून. खांदे वर गेले की आवाज होतो आणि पहिल्या रांगेला तो ऐकू येतो.

यात एक बारकी गोष्ट आहे जी आम्हाला उशिरा उमगली. संथ भागात वादक दमतो तो बहुधा हवा कमी पडल्यामुळे नव्हे. छातीत शिळी हवा साठून राहते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही, म्हणून तो दमतो. सोप्रानोला हवा फार कमी लागते, त्यामुळे सोप्रानोवाल्या मुलीला हा त्रास सर्वांत जास्त होईल. तिच्या कागदावर श्वास घेण्याच्या खुणांइतक्याच श्वास सोडण्याच्याही खुणा हव्यात. एका जागी नुसती हवा बाहेर टाकायची आणि पुढच्या जागी नवी घ्यायची. बॅरिटोनची गत उलट असते, तिथे हवा भसाभस जाते आणि सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

शुमानच्या ढंगाच्या रूपात ट्रिल चालू असताना श्वास घेतला तर ट्रिल तुटतो, म्हणून तिथल्या खुणा सर्वांत आधी ठरवा आणि मग मागेपुढे सरकत बाकीचे बसवा. शोपँचे रूप त्या मानाने सोपे आहे, लय ओढायला-सोडायला मोकळीक असते आणि त्या ओढीतच श्वास बसतो. फक्त ओढ कोणाच्या हातात आहे हे ठरलेले हवे, नाहीतर चौघेही एकमेकांची वाट बघत बसतात. स्केर्झोमध्ये श्वासाची अडचण नाही, तिथे बोटांची आणि जिभेची आहे. पहिला भाग आणि फिनाले यांत विश्रांतीच्या जागा पुरेशा मिळतात, त्याबद्दल वेगळे लिहीत नाही.

बसण्याच्या बाबतीत, सोप्रानो आणि बॅरिटोन अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना समोरासमोर ठेवा, म्हणजे त्यांची नजरानजर होईल. सोप्रानोने श्वास घेताना वाद्य जेमतेम दोन बोटे वर उचलावे. तीच सर्वांसाठी लयीची खूण असते, वेगळे मान हलवणे नको. दोन भागांच्या मध्ये लोक टाळ्या वाजवतील, वाजवू द्यावेत, तेवढ्यात ओठांना आराम मिळतो आणि काकांना बॅरिटोनमधले पाणी काढता येते.

शहापूरकर (बेळगाव)

चिकोडीकर, हे फारच कामाचे आहे. रविवारच्या तालमीला वाद्ये पेटीतच ठेवून आधी स्कोअरवर खुणा करू. आल्टो आणि टेनर यांच्यात कोणी आधी श्वास घ्यायचा यावर आमचे भांडण होणार हे आत्ताच दिसते आहे, त्यामुळे एक विचारतो : दोघांनाही एकाच मात्रेवर गरज पडली आणि दोघांचाही स्वर दुसऱ्या कोणाकडे नसेल, तर कोणी थांबावे?

चिकोडीकर (सध्या पुणे)

ज्याच्याकडे तिसरा स्वर आहे त्याने थांबावे आणि पंचम असलेल्याने आधी श्वास घ्यावा. पंचम क्षणभर नाहीसा झाला तरी कान तो भरून काढतो, तिसरा गेला तर मेजर की मायनर हेच कळेनासे होते. दोघांकडेही यांपैकी काही नसेल, तर ज्याची पुढची ओळ लांब आहे त्याला आधी घेऊ द्या.

जुना बँडवाला (कॅम्प, बेळगाव)

तालमीची जागा कॅम्पाच्या बाजूला ठेवलीत तर मीही येऊन बसेन. बॅरिटोनच्या खालच्या स्वरांची पॅडे गळत असतील तर त्याचीही बघणी तेव्हाच होऊन जाईल. गळकी पॅडे असली की वादक नकळत जास्त हवा ढकलतो, आणि मग कागदावर कितीही खुणा केल्या तरी काकांचा श्वास पुरणार नाही. अंधाऱ्या खोलीत नळीत छोटा दिवा सोडून प्रत्येक पॅडच्या कडेने उजेड बाहेर येतो का, एवढे रविवारच्या आत पाहून ठेवा.